डंजनेसला जायचंय? आधी हे वाचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंटमधल्या डंजनेसला जाऊ का, कसं जाऊ, मुलांना नेऊ का, हे प्रश्न दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, आणि त्यात पुण्या-मुंबईहून आईबाबा आलेले असले की "गर्दी नसलेला समुद्र दाखव" अशी फर्माईश असतेच. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून टाकतोय. ट्रेनच्या वेळा, तिकिटं, पार्किंगचे दर सारखे बदलतात, ते मुद्दाम दिलेले नाहीत, निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या.

डंजनेस म्हणजे नक्की काय आहे?

इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात, रॉमनी मार्श नावाचा सपाट दलदलीचा प्रदेश जिथे संपतो तिथे समुद्रात घुसलेलं एक टोक. हे सगळं टोक गोट्यांचं बनलंय, फ्लिंटचे गोटे, म्हणजे आपल्या गारगोटीचाच एक भाऊबंद. बऱ्याच ठिकाणी किनाऱ्यावर गोट्यांचा एक पट्टा असतो आणि मागे माती सुरू होते, इथे मैलभर आत चालत गेलात तरी पायाखाली गोटेच. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या गोट्यांच्या पसाऱ्यांमध्ये याची गणना होते आणि बराचसा भाग नॅशनल नेचर रिझर्व्ह आहे. त्याला लागूनच आरएसपीबी या पक्षीसंस्थेचं वेगळं रिझर्व्ह आहे, ते आत लिड गावाच्या रस्त्यावर, तलावांच्या बाजूला. या दोन जागा वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवा, सॅटनॅवमध्ये एक टाकून दुसऱ्या ठिकाणी पोचणारे भरपूर आहेत.

पण तिथे बघायला आहे काय?

खरं सांगू? पहिल्या दहा मिनिटांत काहीच नाही असं वाटतं. गोटे, वारा, विखुरलेली लाकडी घरं, दोन दीपगृहं, गंजलेली लोखंडी यंत्रं, जुन्या होड्या आणि मागे भलंमोठं बंद पडलेलं अणुवीज केंद्र. पियर नाही, राइड्स नाहीत, आइस्क्रीमची रांग नाही. काही जण गाडीतून उतरतात, एक सेल्फी काढतात आणि "हे बघायला दोन तास आलो?" म्हणत परत जातात, तुम्ही त्या गटातले असाल तर ब्रायटनला जा, वाईट वाटून घेऊ नका. पण पक्षी, फुलं, जुनी यंत्रं, आगगाड्या यातलं एक जरी आवडत असेल किंवा नुसतं मोकळं आकाश हवं असेल तर दिवस पुरत नाही.

लंडनहून जायचं कसं?

गाडीने साधारण दोन तास, बँक हॉलिडेला आणि इंग्लिश चॅनेलकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागलेली असेल तर जास्त धरा. गाडी नसेल तर माझ्या मते सगळ्यात मजेशीर रस्ता हा: सेंट पँक्रसहून हायस्पीड ट्रेनने फोकस्टन, तिथून बसने हाइद, आणि हाइदहून रॉमनी, हाइद अँड डिमचर्च रेल्वेची छोटी गाडी थेट डंजनेसपर्यंत. ही गाडी १९२७ साली सुरू झाली, डंजनेसपर्यंत १९२८ मध्ये आली, साडेतेरा मैलांचा मार्ग आणि रुळांची रुंदी फक्त १५ इंच. आपली नेरळ-माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर चालते, म्हणजे ही तिच्याहूनही अरुंद, पण खेळण्यातली नाही हां, वाफेची खरी इंजिनं, पूर्ण आकाराच्या इंजिनांच्या साधारण एक तृतीयांश. लोकांच्या घरांच्या मागच्या बागांतून जाते, बायका दोरीवर कपडे वाळत घालताना दिसतात. हिवाळ्यात रोज धावत नाही, त्यामुळे टाइमटेबल बघितल्याशिवाय निघू नका, आणि परतीची शेवटची गाडी चुकली तर मग टॅक्सी शोधायला लागेल, ती तिथे सहज मिळत नाही.

वाळू अजिबातच नाही? चपला चालतील का?

टोकाच्या आसपास भरतीच्या वेळी वाळू दिसतच नाही म्हणा. चपला, फ्लोटर्स, क्रॉक्स सगळं विसरा, घोट्यापर्यंतचे बूट घाला. गोट्यांवर चालताना प्रत्येक पाऊल थोडं मागे घसरतं, अर्धा किलोमीटर चाललात की पोटऱ्या बोलायला लागतात. इथले जुने कोळी बुटांखाली लाकडी फळ्या बांधून चालायचे, त्याला बॅकस्टे म्हणायचे, म्हणजे गोट्यांत पाय रुतायचे नाहीत. पूर्वी या वस्तीत धड रस्ताच नव्हता, त्यामुळे दुकानात जायचं तरी त्या फळ्या बांधून.

पोहता येतं का? निदान पाय तरी भिजवता येतील?

पोहू नका. मी उगाच घाबरवत नाहीये. किनारा एकदम तीव्र उताराचा आहे, दोन पावलांत पाणी कमरेच्या वर जातं, प्रवाह जोरदार आहेत आणि लाट मागे जाताना पायाखालचे गोटे सोबत घेऊन जाते. पाणी किनाऱ्यालगतच इतकं खोल आहे की मोठी जहाजं आश्चर्य वाटावं इतक्या जवळून जाताना दिसतात. गुहागर-मुरुडसारखं हळूहळू आत शिरायचा समुद्र हा नव्हे. लाटेच्या कडेला उभं राहायचं असेल तर ठीक, पण मुलांचा हात सोडू नका.

गोटे फार सुंदर आहेत, दोन-चार घरी आणले तर चालतील ना?

नाही. इंग्लंडमध्ये किनाऱ्यावरचे गोटे उचलून नेण्यावर १९४९ च्या कोस्ट प्रोटेक्शन कायद्यानुसार बंदी आणता येते, शिवाय ही संरक्षित जागा आहे. दोन गोट्यांनी काय होतंय हा युक्तिवाद मला माहितीये, तो इथे येणारा प्रत्येक जण करतो. भोक असलेला गोटा सापडला तर हातात घ्या, त्यातून समुद्र बघा, फोटो काढा, तिथेच ठेवा.

गोट्यांवर चालल्याने काय बिघडतं? दगडच तर आहेत.

हा खरा महत्त्वाचा प्रश्न आहे आणि नेमका हाच कुणी विचारत नाही.

हे गोटे वादळांनी आणून टाकलेत. दक्षिण किनाऱ्याला लागून गोटे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत येतात, मोठं वादळ आलं की लाटा त्यांचा एक लांब बांध वर फेकतात, मग पुढच्या वादळात त्याच्यासमोर दुसरा, असं हजारो वर्षं चाललंय. विमानातून किंवा सॅटेलाइट नकाशावर बघितलं तर असे शेकडो समांतर बांध स्पष्ट दिसतात, नक्की बघा, जायच्या आधीच बघा. ज्या बांधांपर्यंत आता समुद्र पोचत नाही तिथे गोट्यांच्या फटीत पानांचा कचरा, थोडी धूळ साचते, आधी दगडफूल येतं, मग हळूहळू बाकीची झाडं. यात कित्येक दशकं जातात, काही ठिकाणी शतकं. आणि एक गाडी वरून गेली की बारीक माल खाली जातो, मोठे गोटे वर येतात, बांधाचा आकार मोडतो आणि तो पुन्हा तसा होत नाही. महायुद्धाच्या काळात फिरलेल्या लष्करी गाड्यांच्या चाकोऱ्या आजही ओळखू येतात.

म्हणून ठरलेल्या वाटांवरूनच चाला, किंवा मग थेट लाटांच्या जवळ, जिथे काही उगवतच नाही. जिथे गोट्यांवर करडी-हिरवी बुरशीसारखी पुटं दिसतील तिथे पाय ठेवू नका.

झाडं म्हणजे कुठली? मला तर सगळं ओसाड दिसलं.

खाली बघितलं नसेल. इथे सुमारे ६०० प्रकारच्या वनस्पती नोंदल्या आहेत, ब्रिटनमधल्या एकूण वनस्पतींपैकी साधारण एक तृतीयांश. मे-जूनमध्ये सी केल फुलते, कोबीच्या कुळातली, जाड निळसर पानांचे मोठे गड्डे आणि वर पांढरी फुलं, वाऱ्यावर मधासारखा वास येतो. मग वायपर्स ब्यूग्लॉसचे निळे तुरे, लाल व्हॅलेरियन, फॉक्सग्लोव्ह, पिवळी हॉर्न्ड पॉपी. नॉटिंगहॅम कॅचफ्लाय नावाचं एक किरकोळ दिसणारं झाड आहे ज्याची फुलं रात्री नीट उमलतात, पतंगांसाठी. वाऱ्यामुळे ब्लॅकथॉर्नसारखी काटेरी झुडपंसुद्धा उभी न वाढता जमिनीला चिकटून आडवी पसरतात, बघायला गंमत वाटते.

एक भुंगासुद्धा या जागेशी जोडलेला आहे. शॉर्ट-हेअर्ड बंबलबी ही जात ब्रिटनमध्ये शेवटची १९८८ साली डंजनेसलाच दिसली होती, मग नामशेष जाहीर झाली, आणि २०१२ पासून स्वीडनहून राण्या आणून इथे सोडण्याचा प्रयत्न झाला. त्यासाठी आसपासच्या शेतकऱ्यांनी फुलांचे पट्टे राखले, ज्याचा फायदा इतर भुंग्यांना पण झाला.

पक्षी बघायला कधी जावं आणि काय दिसेल?

एप्रिल-मे आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर, हे स्थलांतराचे महिने. टोक समुद्रात घुसलेलं असल्यामुळे चॅनेल ओलांडून आलेले थकलेले पक्षी पहिले इथे उतरतात, आणि जाणारे शेवटचे इथून निघतात. १९५२ पासून इथे बर्ड ऑब्झर्व्हेटरी आहे, पक्ष्यांना रिंगा घालून नोंदी ठेवतात. हिवाळ्यात आरएसपीबीच्या तलावांवर बदकं भरपूर. त्या संस्थेने इथली पहिली जमीन १९३० च्या सुमारास घेतली, तेव्हा हे तलाव नव्हते बरं का, नंतर बांधकामासाठी खडी उपसली, खड्ड्यांत पाणी भरलं, आणि पक्षी आले. खाणकामातून झालेली चांगली गोष्ट म्हणून मी हे उदाहरण लोकांना सांगतो, फार उदाहरणं नाहीत म्हणून.

मार्श हॅरियर हमखास दिसतो, बिटर्न नशिबात असेल तर. आणि आता मराठी माणसासाठी खास: हाइडमध्ये, म्हणजे पक्षी बघायला लपून बसायच्या खोपटात, बसलेले काका-काकू अचानक कुजबुजायला लागतात, सगळ्या दुर्बिणी एका दिशेला वळतात, आपण धडपडून बघतो तर समोर गायबगळा! आपल्याकडे म्हशीच्या पाठीवर बसलेला असतो तोच. ब्रिटनमध्ये तो आणि मोठा बगळा, दोन्ही अगदी अलीकडच्या वर्षांत वस्तीला आलेत, म्हणून हा उत्साह. प्लीज, "आमच्याकडे शेकडो असतात" असं लगेच म्हणू नका, त्यांचा आनंद त्यांना घेऊ द्या. उलट थिरथिऱ्याचं, म्हणजे ब्लॅक रेडस्टार्टचं, मला अप्रूप वाटतं. हिवाळ्यात आपल्या गच्चीवर शेपूट थरथरवत बसणारा हा पक्षी ब्रिटनमध्ये घरटी फार कमी ठिकाणी करतो, आणि अणुवीज केंद्राच्या इमारती ही त्यातली एक प्रसिद्ध जागा.

हे इंग्लंडचं एकमेव वाळवंट आहे म्हणतात, खरं का?

नाही. इंटरनेटवर सगळीकडे असं लिहिलेलं असतं, पण ब्रिटनच्या हवामान खात्यानेच हे नाकारलंय. पाऊस पडतो, चांगला पडतो, फक्त गोट्यांतून लगेच खाली झिरपतो म्हणून वर कोरडं दिसतं. छत्री नेऊ नका मात्र, वाऱ्यात पहिल्या मिनिटाला उलटी होते, रेनकोट न्या.

अणुवीज केंद्राजवळ जाणं सेफ आहे का?

हा प्रश्न आईबाबांचा असतो. दोन केंद्रं आहेत. ए केंद्र १९६५ ते २००६ चाललं, बी केंद्राने १९८३ पासून वीज दिली, २०१८ मध्ये ते दुरुस्तीसाठी थांबवलं आणि २०२१ मध्ये कायमचं बंद करून इंधन काढायचं ठरलं. कुंपणाबाहेरच्या वाटांवर लोक रोज कुत्री फिरवतात, कुंपणाच्या आत जाता येत नाही. केंद्र चालू असताना थंड करायला वापरलेलं कोमट पाणी समुद्रात सोडायचे, त्या जागेला पॅच म्हणतात, तिथे सीगल आणि टर्नची झुंबड असायची आणि पक्षीवाले तासन्‌तास उभे असायचे, आता केंद्र बंद झाल्यावर ती मजा पूर्वीसारखी राहिलेली नाही.

मला जास्त गमतीची वाटते ती दुसरीच गोष्ट. टोकाची दक्षिणेकडची बाजू झिजते आणि पूर्वेकडची वाढते, आणि केंद्र बांधलंय नेमकं झिजणाऱ्या बाजूला. म्हणून १९६० च्या दशकापासून ट्रक पूर्वेकडचे गोटे भरून पश्चिमेकडे नेऊन ओततात, समुद्र ते परत पूर्वेकडे आणतो, ट्रक परत नेतात.

दीपगृहं दोन का आहेत?

दोन उभी आहेत, एकूण पाच झाली. पहिलं १६१५ सालचं. किनारा पुढे सरकत गेला की जुनं दीपगृह समुद्रापासून लांब पडायचं, मग नवीन बांधायचं, असं चाललं. १७९२ च्या दीपगृहाचा वरचा भाग पाडला पण खालची गोल इमारत अजून आहे, लोक राहतात त्यात. १९०४ चं काळं दीपगृह उघडं असतं तेव्हा आत चढता येतं, १६९ पायऱ्या, वरून गोट्यांचे बांध दिसतात त्यामुळे गुडघे साथ देत असतील तर नक्की चढा. आणि १९६१ चं पाचवं कशासाठी, तर अणुवीज केंद्राच्या इमारतींनी चौथ्याचा प्रकाश अडवला म्हणून!

ती काळी लाकडी घरं कोणाची? आत जाता येतं?

लोकांची राहती घरं आहेत ती. १९२० च्या दशकात रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी जुने डबे विकत घेऊन इथे आणून ठेवले आणि त्याभोवती खोल्या बांधल्या, काही घरांत आजही डबा ओळखू येतो. कुंपणं नाहीत, त्यामुळे कुठे रस्ता संपतो आणि कुठे कोणाचं अंगण सुरू होतं ते कळत नाही, पण म्हणून खिडकीला नाक लावून बघायचं नसतं. रविवारी सकाळी पायजम्यात चहा पीत बसलेल्या माणसाचा फोटो काढणारे लोक मी बघितलेत, आपल्यातलेही.

पिवळ्या खिडक्यांचं काळं घर म्हणजे प्रॉस्पेक्ट कॉटेज. सिनेदिग्दर्शक डेरेक जारमन यांनी ते १९८६ मध्ये घेतलं आणि १९९४ मध्ये जाईपर्यंत गोट्यांत, समुद्राने आणून टाकलेली लाकडं आणि गंजकं लोखंड उभं करून बाग केली. २०२० मध्ये लोकवर्गणीतून ३५ लाख पौंडांहून जास्त जमवून घर वाचवलं. आत जायला आधी बुकिंग लागतं आणि छोट्या गटांनाच सोडतात. बाग रस्त्यावरून दिसते, तेवढी पुरे.

ग्रेटस्टोनजवळच्या त्या अवाढव्य सिमेंटच्या थाळ्या कसल्या?

साउंड मिरर्स. रडार यायच्या आधी, १९२८ ते १९३० मध्ये बांधलेले कान. समुद्रावरून येणाऱ्या विमानाचा आवाज त्या थाळीत गोळा व्हायचा आणि समोर बसलेला माणूस ऐकायचा. एक २० फुटी, एक ३० फुटी आणि एक २०० फूट लांबीची वक्र भिंत. विमानं वेगवान झाली, आवाज ऐकू येईपर्यंत विमान डोक्यावर, आणि मग रडार आलं, विषय संपला. ते आता तलावातल्या बेटावर आहेत, ठरावीक ओपन डेलाच जवळ जाता येतं, इतर दिवशी पाण्याच्या अलीकडून बघा. पोहून जायचा विचार मनात आणू नका.

आजी-आजोबा आणि तान्ह्या बाळाला घेऊन जमेल?

बाबागाडी गोट्यांत रुतते, बाळाला कॅरियरमध्ये घ्या. दीपगृहाजवळून समुद्राच्या दिशेने लाकडी फळ्यांची वाट आहे, ज्येष्ठांना ती बरी. खरं तर आजी-आजोबांना छोट्या ट्रेनमध्ये बसवा, स्टेशनच्या कॅफेत चहा पाजा, दीपगृहापर्यंत हळूहळू चालवा, झालं. टॉयलेट स्टेशनवर आणि आरएसपीबीच्या सेंटरमध्ये, मध्ये आडोसा कुठेच नाही, सपाट जमीन आहे, समजून घ्या.

खायला काय मिळतं?

मासे खात असाल तर मजा, होड्यांजवळ ताज्या मासळीची टपरी आहे, ठरावीक दिवशी आणि संपेपर्यंत, शिवाय दोन पब आहेत. शाकाहारी मंडळींनी चिप्सवर दिवस काढायची तयारी ठेवावी किंवा सरळ दशम्या-चटणीचा डबा न्यावा, मी नेतो. डबा उघडलात की सीगल येणार. खरकटं परत घरी आणायचं, संत्र्याची सालंसुद्धा, "सेंद्रिय आहे, कुजेल" हे इथे चालत नाही कारण इथल्या झाडांना खत नको असतं.

प्री-वेडिंग शूट? ड्रोन?

वस्तीचा बराच भाग खासगी इस्टेट आहे, व्यावसायिक शूटिंगला आधी परवानगी काढावी लागते. ड्रोन नको, अणुकेंद्रावर उड्डाणबंदीचं क्षेत्र आहे. घरचे फोटो खुशाल काढा.

कुत्रा नेला तर?

घरट्यांच्या काळात पट्टा लावूनच, काही पक्षी गोट्यांवरच अंडी घालतात आणि ती गोट्यांतून ओळखू येत नाहीत. आरएसपीबीच्या पायवाटांवर पाळीव कुत्री नेता येत नाहीत.

मासे पकडता येतात का?

हो, इंग्लंडमध्ये समुद्रात गळ टाकायला लायसन्स लागत नाही, आणि ही त्यासाठी प्रसिद्ध जागा आहे. चालताना गळवाल्यांच्या मागून जा, समोरून नाही.

खरंच शांत असतं का?

माणसांच्या बाबतीत हो, विशेषतः आठवड्याच्या मधल्या दिवशी. पण पश्चिमेला लिडची लष्करी फायरिंग रेंज आहे, सराव चालू असला की धडाधड आवाज येतात आणि लाल झेंडे लावलेले असतात, तिकडे जाऊ नका. आणि वारा, तो तर थांबतच नाही.

मुलांना वाळूचा किल्लाच करायचा असेल तर?

मग सकाळी डंजनेस आणि दुपारी कॅम्बर सँड्स, गाडीने जवळच आहे, तिथे खरीखुरी वाळू, टेकड्या आणि उथळ पाणी. फक्त उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी कॅम्बरचा रस्ता तुंबतो, त्यामुळे क्रम उलटा करा: आठच्या आत कॅम्बर, गर्दी यायला लागली की डंजनेस.